वरचे गुण

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून मी भूगोलात एमए केलं, हे आमच्या कॉलेजच्या पत्रकांत माझ्या नावापुढे छापून येतं. तिथं प्रवेश कसा मिळाला, हे मात्र मी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर ‘परीक्षा दिली, नंबर लागला’ एवढं बोलून विषय बदलायचे. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या नंबरातले काही गुण माझ्या पेपरातले नव्हते, माझ्या जिल्ह्याचे होते, आणि ते नसते तर नंबर लागलाच नसता, हे मी गिळून टाकत होते. ज्याचं खाल्लं त्याचं नाव न घेणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात, ते मी इथं लिहीत नाही.

2008 च्या सुरुवातीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. भूगोलाचे सर रिफ्रेशर कोर्सला दिल्लीला जाऊन आले आणि येताना तिथल्या प्रवेशाची माहितीपुस्तिका घेऊन आले. सायकलच्या हँडलला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी ती काढली आणि शेवटची पानं उघडून माझ्यापुढे धरली. बारीक टायपात राज्यवार जिल्ह्यांची नावं होती. आमच्या जिल्ह्यापुढे सरांनी पेन्सिलीनं बरोबरची खूण केली होती.

“कशाची यादी आहे सर?”

“मागं राहिलेल्या जिल्ह्यांची. इथं शिकलेल्या पोरांना प्रवेशाच्या वेळी वरचे गुण मिळतात. पोरगी असली तर त्याचे आणखी वेगळे.”

माझे कान तापले. दहावीला मी केंद्रात पहिली आलेली. आमच्या गावात वरचे गुण म्हणजे ग्रेस, आणि ग्रेस म्हणजे ढकलपास. गणितात काठावर पास झालेल्या पोराला आम्ही वर्षभर ‘ग्रेसवाला’ म्हणून चिडवलं होतं, आणि चिडवणाऱ्यांत मी पुढे होते. मी सरांना म्हटलं, “मला नकोत ते गुण.”

सर हसले. “तुला नको असले तरी ते देणार. फॉर्मात जिल्हा लिहावाच लागतो.”

हे गुण म्हणजे आरक्षण नव्हे. आरक्षण कायद्यानं होतं, ते वेगळं चाललेलं. त्याशिवाय या विद्यापीठाची स्वतःची एक रीत होती. विद्यार्थी कुठल्या जिल्ह्यातून शिकून आलाय ते बघायचं आणि तो जिल्हा मागासांच्या यादीत असेल तर त्याच्या परीक्षेतल्या गुणांत थोडी भर घालायची. जिल्ह्यांचे गट पाडलेले होते. जास्त मागं पडलेल्याला जास्त, त्याच्या वरच्याला थोडे कमी. मुलींना मुलगी म्हणून निराळे. विस्थापित काश्मिरींसाठी आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठीही तरतूद होती. सगळे मिळून गुण हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. इंग्रजीत त्यांना ‘डेप्रिवेशन पॉइंट्स’ म्हणत, आणि कॅम्पसवर नुसतं ‘डीपी’. जिल्हे कशावरून ठरवले, तेही त्या पुस्तिकेत छापलेलं होतं. मी ते वाचलं नाही. यादीत आपल्या जिल्ह्याचं नाव दिसलं आणि मी पान उलटलं.

फॉर्म सरांनीच भरून घेतला. डिमांड ड्राफ्टचे पैसेही त्यांनीच घातले, ते मी पहिल्या पगारातून परत केले. पैशांचं देणं असं फिटतं तरी.

जुलैमध्ये माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आणि मी परभणी स्टेशनवर सचखंड एक्स्प्रेस पकडली. अण्णा त्याआधी एवढ्या लांब कधी गेले नव्हते. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या त्या गाडीत वाटेवरच्या स्टेशनांवर शीख मंडळी लंगर वाटतात. एका सरदारजींनी आमच्या हातात रोट्या आणि भाजी दिली तेव्हा अण्णा खिशात हात घालून पैसे काढायला लागले. ते घेईनात. मग रात्रभर अण्णा अधूनमधून म्हणत राहिले, “ओळख ना पाळख, कशापायी दिलं असल?” मला झोप येत होती. तो प्रश्न मलाच विचारायला हवा होता, हे तेव्हा कळलं नाही.

विद्यापीठातल्या वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत. मला मिळालेलं वसतिगृह होतं गोदावरी, आणि जवळच मुलींचं दुसरं, गंगा. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. अण्णांनी दोन्ही पाट्या वाचल्या, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, “दोन्हीकून आपलीच हाय. आता मला काळजी नाही.” संध्याकाळी 615 नंबरच्या बसनं ते स्टेशनकडे निघून गेले.

काळजी करण्यासारखं मात्र पुष्कळ होतं. भूगोलतज्ज्ञ मुनीस रझांनी उभं केलेलं प्रादेशिक विकासाच्या अभ्यासाचं ते केंद्र, तिथले वर्ग इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी म्हणजे व्याकरणाचे नियम पाठ असलेली मुकी मुलगी. पहिला पेपर लिहायला मी तीन आठवडे घेतले आणि तो इतका वाईट झाला की शिकवणाऱ्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील परत जा. त्यांनी पेपरातलं एक वाक्य दाखवलं. ते पानभर चाललं होतं. “हे पाच वाक्यांत लिहून आण,” एवढंच म्हणाल्या. पुढचे चार महिने मी दर आठवड्याला त्यांच्याकडे एक पान नेत होते आणि त्या ते लाल करून परत देत होत्या. त्याबद्दल वेगळं लिहायला हवं. इथं एवढंच, की त्या दिवसांत मला पक्कं वाटत होतं की मी चुकून इथं आलेय, कुणीतरी मोजताना चूक केलीय.

ती चूक कुठली, याची मी एकदा चौकशी केली. उत्तर मिळालं. वरचे गुण काढून टाकले तर माझं नाव शेवटच्या नावाच्या खाली जात होतं. दुप्पट लाज वाटली.

माझ्या वर्गात ओडिशातल्या कोरापुटची एक मुलगी होती. मेसमध्ये आम्ही शेजारी बसायचो. एका रात्री टेबलावर गप्पा डीपीवर आल्या. दिल्लीतल्याच एका चांगल्या शाळेतून आलेला मुलगा म्हणत होता, त्याच्या मित्राचा नंबर दोन गुणांनी हुकला. त्याचं बोलणं वाईट नव्हतं, मित्रासाठी जीव तुटत होता इतकंच. कोरापुटची ताटातल्या राजम्यात भात कालवत म्हणाली, “मला मिळाले. माझ्या जिल्ह्याचे आणि मुलगी म्हणून, दोन्ही.” मीठ मागावं तसं म्हणाली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “मला नाही मिळाले. महाराष्ट्र पुढारलेलं राज्य आहे.”

कुणाला शंका आली नाही. महाराष्ट्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मुंबई येते. त्या एका वाक्यात मी मुंबईची श्रीमंती उसनी घेतली आणि माझा जिल्हा झाकला. वाईट याचं वाटतं, की ते वाक्य मला सुचायला क्षणही लागला नाही.

दुसऱ्या सत्रात आम्हाला प्रात्यक्षिकाला एक काम मिळालं. 2001 च्या जनगणनेचे तक्ते घ्यायचे, आपापल्या राज्याचे जिल्हे मागासलेपणाच्या क्रमानं लावायचे आणि चार भाग पाडायचे. मला महाराष्ट्राचे तेव्हाचे 35 जिल्हे आले. रकाने चार. स्त्रियांमधली साक्षरता, शेतीवर जगणाऱ्या कामगारांचं प्रमाण, ग्रामीण लोकसंख्या, आणि चौथा, घराच्या आवारात शौचालय नसलेली कुटुंबं. मॅडमनी सहज सांगितलं, आपल्या विद्यापीठाची जिल्ह्यांची यादी याच चार गोष्टींवरून होते. पुस्तिकेतलं जे पान मी उलटलं होतं ते असं समोर आलं.

पहिले तीन रकाने मी भराभर भरले. चौथ्याला पेन्सिल अडखळली.

आमच्या घराला संडास नव्हता. गावातच दोन-चार घरांना असेल. पहाटे चारच्या सुमारास माय हाक मारायची आणि ती, काकू, मी अशा तिघी डबे घेऊन ओढ्याच्या अंगाला जायचो. उजाडायच्या आत परतायचं. पावसाळ्यात साप, उन्हाळ्यात आडोसा नाही. दिवसा लागली तर अंधार पडेपर्यंत थांबायचं, म्हणून शाळेच्या दिवशी मी सकाळपासून पाणीच पीत नसे. बोर्डाच्या परीक्षेत तीन तासांच्या पेपराला माझं डोकं दुखायचं ते कशानं, हे मला फार उशिरा समजलं. दिल्लीत मी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. कुणी गावाबद्दल विचारलं तर ओढा सांगायचे, आंब्याची झाडं सांगायचे.

आणि इथं तो रकाना होता. छापलेला, टक्केवारीत. देशाचा आकडाही वर होता. शंभरातल्या जेमतेम 36 घरांच्या आवारात शौचालय. म्हणजे माझ्याबरोबर पहाटे निम्म्याहून जास्त देश डबा घेऊन निघत होता, आणि मी समजत होते ती आमच्या घरची लाज आहे. कुणीतरी बसून हे मोजलं होतं. नुसतं मोजून थांबले नव्हते. त्या पहाटांचे, न प्यायलेल्या पाण्याचे काही गुण धरले होते. जे मी लपवत होते तेच त्यांनी हिशेबात घेतलं होतं. माझ्या पेपरात मी जे लिहू शकले नव्हते ते का लिहू शकले नव्हते, हे त्या चार रकान्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

आमचा जिल्हा 35 जणांत तळाकडे गेला. मी बेरीज पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. दर वेळी खोडून लिहीत होते, शेवटी कागदाला भोक पडलं. शेजारी कोरापुटची तिच्या राज्याचा तक्ता करत होती. माझा जिल्हा कुठला, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं माझ्या कागदावर नजर टाकली, जिथं भोक होतं तिथं. मेसमधलं माझं वाक्य तिला आठवलंच असणार. तिनं स्वतःच्या वहीतला एक कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला आणि पुन्हा आपल्या बेरजेला लागली. तेव्हाच तिला खरं सांगायला हवं होतं. मी कागद घेतला आणि ‘थँक्यू’ म्हटलं.

या मोजमापात त्रुटी नव्हत्या असं नाही. जिल्हा गरीब म्हणून आमच्या तालुक्यातल्या साखर कारखान्याच्या संचालकाच्या पोरालाही तेच गुण मिळाले असते, आणि धारावीतल्या पोरीला जिल्ह्याचे म्हणून शून्य. हे मी तेव्हाही बोलायचे, जरा जोरातच. आता वाटतं, त्रुटी दाखवण्यात माझी विद्वत्ता कमी आणि अंग काढून घेणं जास्त होतं.

मग मी या गुणांचा मागोवा काढायला लागले. विद्यापीठ 1969 मध्ये सुरू झालं आणि सत्तरच्या दशकातच ही रीत आली. 1983 मध्ये तिथं मोठं आंदोलन झालं, पोलीस कॅम्पसमध्ये आले, शेकडो विद्यार्थी तिहार तुरुंगात गेले. पुढे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जीही त्यांच्यात होते. त्यानंतर प्रवेशाचं धोरण बदललं आणि हे गुण गेले. ते परत मिळवायला विद्यार्थ्यांना दहा वर्षं लागली. 1993-94 च्या सुमारास ते पुन्हा लागू झाले. त्या काळात विद्यार्थी संघात काम करणारा बिहारमधल्या सिवानचा चंद्रशेखर प्रसाद पुढे दोनदा अध्यक्ष झाला, मग गावी कामाला गेला आणि 31 मार्च 1997 ला सिवानच्या चौकात गोळ्या घालून मारला गेला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. ज्या मुलांनी मोर्चे काढून हे गुण परत आणले, त्यांना माझ्या जिल्ह्याचं नावही ठाऊक नसेल. रेल्वेत रोट्या देणाऱ्या सरदारजींना तरी आमची तोंडं दिसत होती.

एवढं सगळं कळूनही मी बोलले नाही. एमए झालं, एमफिल झालं, नेट झाले, मराठवाड्यात परत येऊन नोकरीला लागले. आमच्या कॉलेजनं सत्कार केला. त्यात मी मुलांना सांगितलं की कष्टाला पर्याय नाही, मी ओढ्याकाठी अभ्यास केला आणि दिल्ली गाठली. टाळ्या पडल्या. सर पहिल्या रांगेत होते, निवृत्त झालेले. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. शाल अंगावर घेऊन मी खाली आले तेव्हा त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

2017 साल उजाडलं. माझ्याकडे एमएची एक मुलगी होती, ऊसतोड कामगारांची. सहा महिने आई-बाप फडावर आणि ही आजीजवळ. तिच्या वयात मी अभ्यासात जिथं होते, त्यापेक्षा कितीतरी पुढे. तिला दिल्लीला एमफिलला पाठवायचं मी दोन वर्षांपासून घोकत होते. त्या वर्षीची पुस्तिका आम्ही कॉलेजच्या संगणकावर उघडली, आणि संशोधनाच्या प्रवेशातून ते गुण गेलेले. एमएसाठी होते, एमफिल आणि पीएचडीसाठी नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांनुसार लेखी परीक्षा पात्रतेपुरती राहिली होती आणि जागाही फार कमी झाल्या होत्या.

मुलगी पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, तुमच्या टायमाला व्हते का हे?”

“होते.”

“तुम्हाला भेटले व्हते?”

स्टाफरूममध्ये दोघे-तिघे सहकारी होते. एकजण पेपर वाचत होता, त्यानं मान वर केली. सत्काराचं सूत्रसंचालन त्यानंच केलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “जिल्ह्याचे मिळाले, मुलगी म्हणून मिळाले. ते नसते तर माझा नंबर लागला नसता.”

तिनं किती ते विचारलं. मी आकडा सांगितला. तिनं तो वहीच्या समासात लिहून घेतला, का ते मला माहीत नाही. पेपर वाचणाऱ्या सहकाऱ्यानं मान खाली घातली. एवढंच झालं. नऊ वर्षं ज्याची भीती बाळगली ते दीड मिनिटात आटोपलं. तिनं परीक्षा दिली, तिथं झालं नाही. आता ती हैदराबादला संशोधन करते आणि चांगलं करते, पण ते तिचं आहे, माझ्या या कहाणीत मी ते ओढणार नाही.

त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला. तब्येत विचारली, पाऊस विचारला, आणि मग एकदाचं सांगून टाकलं. सर, ते वरचे गुण मी आजवर लपवले, सत्कारात तुम्ही समोर असूनही बोलले नाही, माझं चुकलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, फोन कटला.

“अगं, लपवले कुणापासून?” सर म्हणाले. “तुझा नंबर लागला त्या दिवशी तुझे अण्णा पेढे घेऊन आले होते की माझ्याकडं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, यादी दाखवली. ते इतके खूश झाले, तिथनं पारावर गेले आणि ज्याला त्याला सांगत सुटले, पोरीला आपल्या जिल्ह्याचे मार्क लागले म्हणून. साऱ्या गावाला माहितीये ते.”